टाकीवरचा डोंगल, घरातलं वाय-फाय: लहानीच्या अकरावीच्या फॉर्मआधीचे तेरा दिवस

१३ मे २०२५, मंगळवार. दहावीचा निकाल लागला आणि माझ्या धाकट्या बहिणीला, लहानीला, ८४ टक्के मिळाले. पेढे वाटून होत नाहीत तोच तिच्या शाळेतल्या मॅडमचा निरोप आला की यंदा अकरावीचा प्रवेश आपल्याकडेही ऑनलाइन आहे. आधी हे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरतंच होतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात कॉलेजात जायचं, हातानं फॉर्म भरायचा आणि यायचं, इतकंच ठाऊक. या वर्षापासून अख्ख्या राज्याला एकच पोर्टल झालं. फॉर्मचे दोन भाग, शंभर रुपये फी तीही ऑनलाइन आणि कॉलेजांचे दहापर्यंत पसंतीक्रम. हे सगळं एका बैठकीत होणार नाही, रोज उघडून पाहावं लागेल, हे ऐकतानाच कळलं होतं.

आणि आमच्या घरात रेंज नाही.

घर जुनं आहे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती आणि वर टिन. टिनाखाली आलं की फोनची एकच दांडी उरते, तीही येते-जाते. बोलायचं असेल तर अंगणात लिंबाखाली जायचं. मी घरूनच नागपूरच्या एका सीए साहेबांसाठी टॅलीची आणि जीएसटीची एंट्री करते. तेव्हा माझी सवय अशी की काम घरात करायचं आणि पाठवायच्या वेळी लॅपटॉप उचलून अंगणात यायचं. माझं भागत होतं. पण सकाळी दहा ते सहा लॅपटॉप माझ्या कामात, म्हणजे लहानीनं फॉर्म फोनवर भरायचा. मग काय तिनं भर मे महिन्याच्या उन्हात लिंबाखाली बसून कॉलेजांचे कोड शोधायचे?

१४ तारखेला पहिला प्रयोग केला. न्हाणीवर छोटासा स्लॅब आहे, त्यावर पाण्याची काळी टाकी. तिथं रेंज चांगली येते. फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटस उघडलं की सिग्नल आकड्यात दिसतो. घरात उणे ११३ होता, टाकीपाशी उणे ९६. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. दांड्या बघण्यापेक्षा हा आकडा बघा, खरं काय ते कळतं. फोनचा हॉटस्पॉट, म्हणजे त्याचं नेट वाय-फायनं वाटायची सोय, सुरू केला, फोन टाकीवर ठेवला आणि खाली आले. वीस मिनिटांत नेट बंद. वर जाऊन पाहिलं तर फोन हातात धरवत नव्हता आणि स्क्रीनवर तापल्याची सूचना. सावलीत ठेवून, ओल्या फडक्यावर ठेवून पाहिलं, पण दुपारी टिनाची झळ लागतेच. शिवाय फोन वर ठेवला तर आलेला ओटीपी खाली कसा कळणार?

१५ तारखेला कपाटातला जुना डोंगल आठवला, म्हणजे सिम घालून लॅपटॉपला नेट देणारा छोटा तुकडा. २०१४ साली कॉलेजला असताना घेतलेला, थ्रीजीचा. सिम टाकलं, लॅपटॉपला लावला, टाकीजवळ नेला, तरी जीमेलचं पान उघडायला चार मिनिटं लागली. त्या कंपनीनं थ्रीजी केव्हाच बंद केलं होतं आणि फोरजी या डोंगलला पकडता येत नव्हतं. उरलं टूजी. कुणाच्या घरी असा जुना डोंगल पडून असेल तर त्यावर दिवस घालवू नका, आधी तो फोरजीचा आहे का ते बघा.

१७ तारखेला, शनिवारी, बाबांसोबत एसटीनं यवतमाळला गेले. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझा खर्च थोडक्यात झाला. बाबांना पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, बियाणं पाहायचं होतं, मला डोंगल. दुकानात दोन प्रकार होते. एकात वाय-फाय आतच असतं, तो नुसता चार्जरला लावला तरी चालतो. तो दोन हजारांच्या वर सांगितला. दुसरा नुसता यूएसबीचा, वापरलेला, वाय-फाय नसलेला, ९०० रुपयांचा. मी ९०० वाला घेतला, कारण लॅपटॉप स्वतःच वाय-फाय वाटू शकतो हे मला माहीत होतं. तुमच्याकडे दीड हजार जास्तीचे असतील तर सरळ वाय-फायवाला घ्या, पुढचं बरंचसं टळेल. सोबत पाच मीटरची यूएसबी केबल घेतली, २५० रुपये.

सिमसाठी वेगळ्या दुकानात गेलो. बाबांच्या नावानं घ्यायचं ठरलं होतं, पण त्यांचा अंगठा मशीनवर लागेना. दोन्ही अंगठे झाले, दहाही बोटं झाली. तीस-पस्तीस वर्षं डवरा, विळा आणि फवारणीचा पंप धरलेले हात, रेषा राहिल्यात कुठं त्यावर? बाबा हात शर्टाला पुसत राहिले, ते मला पाहवेना. शेवटी सिम माझ्या नावानं काढलं. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिम चालतात, आणि आपल्या नावावर किती आहेत ते संचार साथी पोर्टलवर पाहता येतं. मी तिथंच पाहून घेतलं, दोन होते, दोन्ही माझेच. ३४९चा रिचार्ज मारला, २८ दिवस, रोज दीड जीबी. दुकानदार म्हणाला, "संध्याकाळपर्यंत चालू होते ताई." चालू झालं दुसऱ्या दिवशी सकाळी.

१८ मे, रविवार. टाकीच्या पाइपाला बांबू बांधला, बांबूच्या टोकाला डोंगल आणि केबल झरोक्यातून आत, मधल्या खोलीतल्या टेबलापर्यंत. लॅपटॉपवर स्पीड आला आठ एमबीपीएस. टिनाखाली बसून नेट चालतंय हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. एप्रिलचं जीएसटी रिटर्न भरायची शेवटची तारीख २० मे होती, त्या कामाला त्याच दिवशी हात घातला आणि अंगणात न जाता सगळं पाठवलं. आता फक्त बटण दाबायचं, लॅपटॉपचं नेट फोनला द्यायचं, असं वाटलं होतं. खरा घोळ तिथून सुरू झाला.

विंडोज १०मध्ये सेटिंग, नेटवर्क अँड इंटरनेट, मोबाइल हॉटस्पॉट असं जायचं. सुरू केलं. लहानीच्या फोनला दिसलं, आईच्या आणि बाबांच्या फोनला दिसेना. कारण सोपं निघालं: हॉटस्पॉट वाय-फायच्या ५ गिगाहर्ट्झ बँडवर, म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर, होता आणि जुने फोन फक्त २.४चा पकडतात. एडिटमध्ये जाऊन बँड बदलला. तिघांचेही फोन जोडले गेले. आणि तिघांवरही तीच ओळ: जोडलेले आहे, इंटरनेट नाही.

तिथंच एक खूण कळली. वरती "इंटरनेट कुठून वाटायचं" अशी यादी असते. मी त्यात सेल्युलर किंवा मोबाइल असं काही शोधत होते आणि ते नव्हतंच. हे डोंगल स्वतःला मोडेम म्हणून नाही, नेटवर्क कार्ड म्हणून ओळख देतात, म्हणून विंडोज त्यांना इथरनेट, म्हणजे तारेचं नेटवर्क, म्हणतं. माझ्याकडे ते इथरनेट ३ होतं. ते निवडलं. तरी इंटरनेट नाहीच.

पुढचे तीन दिवस मी व्हिडिओ पाहण्यात घालवले, तेही त्याच दीड जीबीतून. बहुतेक व्हिडिओंत कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत होस्टेड नेटवर्कच्या कमांडी द्यायला सांगतात. मी ड्रायव्हरची, म्हणजे वाय-फाय कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, माहिती दाखवणारी कमांड दिली तर उत्तर आलं, होस्टेड नेटवर्क सपोर्टेड: नो. पोटात गोळाच आला. वाटलं लॅपटॉपच जुना, याचं वाय-फाय कार्ड वाटू शकत नाही. सहाशे रुपयांचं बाहेरून लावायचं वाय-फाय मागवायचं ठरवलंही होतं. नंतर कळलं की ती विंडोज ७च्या काळातली पद्धत आहे. विंडोज १०चा मोबाइल हॉटस्पॉट वाय-फाय डायरेक्ट नावाच्या वेगळ्या सोयीवर चालतो आणि नव्या ड्रायव्हरांत ते "नो" नेहमीचंच आहे. आणि माझा हॉटस्पॉट तर सुरू होत होता, फोन जोडले जात होते! म्हणजे कार्ड वाटत होतं. घाबरल्यामुळे डोळ्यांसमोरचं दिसलं नाही. कुणाला ते "नो" दिसलं तर काही विकत घ्यायला धावू नका.

२० तारखेच्या रात्री नेटवर्क रीसेट केलं. त्यानं सगळी वाय-फायची नावं, पासवर्ड पुसले गेले, डोंगल पुन्हा ओळखायला लावावा लागला, तास गेला आणि फोनवर तीच ओळ. लहानी काही बोलत नव्हती, पण रोज संध्याकाळी एकदा विचारायची, "झालं का ताई?" ते न विचारण्यापेक्षा जड वाटायचं.

२१च्या रात्री लाईन गेली होती. अंगणात बाजेवर बाबा बसले होते आणि मी त्यांच्याजवळ बसून बॅटरीवर चालू असलेल्या लॅपटॉपवर आणखी काहीतरी बदलत होते. बाबांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, पाणी कुठपर्यंत येऊन राह्यलं ते पाह्य ना पयले. सारी लाइन काहून उखडून राह्यली?"

ते ठिबकबद्दल बोलत होते. आमच्या संत्र्यांना ठिबक आहे. एखाद्या झाडाला पाणी आलं नाही तर बाबा कधीच सगळ्या नळ्या काढत नाहीत. मोटरपाशी पाहतात, फिल्टरपाशी पाहतात, मग मेन, सबमेन आणि शेवटी त्या झाडाची नळी बोटानं दाबून पाहतात. जिथं पाणी दिसेनासं होतं त्याच्या मागेच कचरा. मी ते लहानपणापासून पाहत आले होते. तीन दिवसांत मी सगळी लाइन उखडली होती आणि बोट एकदाही कुठं ठेवलं नव्हतं.

२२ तारखेला सकाळी कामाला बसायच्या आधी वही घेतली आणि टप्पे लिहिले. टाकीपासून लॅपटॉपपर्यंत पाणी येतं, कारण लॅपटॉपवर नेट चालतं. लॅपटॉपपासून फोनपर्यंत? लहानीच्या फोनमध्ये वाय-फायच्या नावावर दाबून तपशील उघडला. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला फोनचा आकडी पत्ता, दिसला १९२.१६८.१३७.४५ आणि गेटवे, म्हणजे फोन ज्या दारातून बाहेर जातो ते, १९२.१६८.१३७.१. विंडोज नेट वाटतं तेव्हा स्वतःला हाच १३७.१ पत्ता घेतं आणि फोनांना पुढचे पत्ते देतं. म्हणजे लॅपटॉपनं फोनला पत्ता दिला होता. इथं १६९.२५४नं सुरू होणारा आकडा दिसला असता किंवा "आयपी पत्ता मिळवत आहे" वरच अडकलं असतं, तर घोटाळा या टप्प्यात असता. त्यासाठी कंट्रोल पॅनलमधल्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये डोंगलच्या कनेक्शनवर प्रॉपर्टीज, शेअरिंग, खूण काढून ओके, परत खूण करून यादीत तारांकन असलेलं लोकल एरिया कनेक्शन निवडायचं. मला त्याची गरज नव्हती.

मग फोन ते डोंगल. डोंगलचं स्वतःचं एक पान असतं, माझ्या डोंगलचं १९२.१६८.८.१ वर. फोनचा मोबाइल डेटा बंद केला आणि ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला, आकडे इंग्रजीत टाकायचे. पान उघडलं! सिग्नल, सिमचं नाव, सगळं लहानीच्या फोनवर. म्हणजे पाणी फोनपासून थेट टाकीवरच्या डोंगलपर्यंत जात-येत होतं. मग अडलं कुठं?

उरलं नावांचं. आपण ब्राउझरमध्ये नाव टाकतो, ते नाव कुठल्या आकड्यावर आहे हे डीएनएस सांगतं. फोन हे लॅपटॉपला विचारतो, लॅपटॉप पुढे विचारून फोनला सांगतो. फोनच्या वाय-फायमध्ये आयपी सेटिंग स्टॅटिक करून डीएनएसच्या जागी हातानं ८.८.८.८ टाकलं, म्हणजे फोन लॅपटॉपला न विचारता बाहेरच विचारेल. आणि नेट सुरू झालं. लहानीच्या व्हॉट्सॲपचे राहिलेले सगळे मेसेज एकामागून एक वाजायला लागले.

आता कचरा नेमका कुठं ते कळलं होतं: फोन नाव विचारतो आणि लॅपटॉप उत्तर देत नाही. का देत नाही? लॅपटॉपसोबत एक अँटिव्हायरस आला होता, त्याची मुदत वर्षभरापूर्वी संपलेली. त्याचं स्वतःचं फायरवॉल मात्र चालूच होतं आणि बाहेरून आलेले प्रश्न ते दारातच अडवत होतं. ते दहा मिनिटांसाठी बंद केलं, फोनमधलं ८.८.८.८ काढून पुन्हा आपोआपवर केलं. नेट चालू राहिलं. तो अँटिव्हायरस काढून टाकला, विंडोजचा स्वतःचा डिफेंडर आपोआप सुरू झाला. सकाळचे पावणेदहा वाजले होते. मी आईला हाक मारली आणि मला रडू आलं.

यानंतरही चार दिवस काही ना काही निघत राहिलं, पण आता भीती नव्हती. डोंगल दर अर्ध्या तासानं आपोआप बंद होऊन चालू व्हायचा. ती पाच मीटरची केबल बारीक होती, टोकापर्यंत पुरेशी वीज पोचत नव्हती. यूएसबी २च्या साध्या केबलची मर्यादाच पाच मीटर आहे, आणि स्वस्त केबल तिथपर्यंतही नीट चालत नाही. टेबल झरोक्याखाली सरकवलं आणि जाड तारेची तीन मीटरची केबल घाटंजीहून १८० रुपयांत आणली. दुसरं, कुणीच जोडलेलं नसलं की हॉटस्पॉट स्वतः बंद व्हायचा. त्याच पानावर पॉवर सेव्हिंगचं बटण आहे, ते बंद केलं. लॅपटॉपचं झाकण लावलं तरी झोपू नये हेही पॉवरच्या सेटिंगमध्ये ठेवलं.

२४ तारखेला सकाळी सातलाच दीड जीबी संपला. विंडोजनं रात्री अपडेट उतरवलं होतं. डोंगलचं कनेक्शन इथरनेट म्हणून दिसतं, त्यामुळे विंडोजला ते न संपणारं नेट वाटतं. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन, म्हणजे मोजून मिळणारं नेट, चालू करा. फोनांनाही वाय-फाय दिसलं की फोटोंचा बॅकअप आणि ॲपची अपडेटं सुचतात, म्हणून प्रत्येक फोनमध्येही हे वाय-फाय मीटर्ड करून ठेवा. ही गोष्ट पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

यंदा मे महिन्यातच अवकाळी पाऊस आला. आईनं लोणच्याची रिकामी प्लास्टिकची बरणी दिली. झाकणाला भोक पाडून केबल आत घेतली, बरणी उलटी बांधली, हवा खेळायला खालून दोन भोकं ठेवली. विजा चमकायला लागल्या की केबल लॅपटॉपमधून काढून ठेवते, तिथं हयगय नाही.

२६ मेला नोंदणी सुरू झाली. लहानीनं पलंगावर बसून पहिला भाग भरला. फी भरायच्या वेळी आणखी एक प्रश्न होता, ओटीपी. घरात रेंजच नाही तर ओटीपी येणार कसा? त्यासाठी फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग म्हणून सोय असते, कॉलच्या किंवा सिमच्या सेटिंगमध्ये. ती सुरू केली की फोन टॉवरऐवजी वाय-फायवरून कॉल घेतो. लहानीच्या फोनवर ओटीपीही त्यावरूनच आला. शंभर रुपये गेले, पावती आली, तिनं स्क्रीनशॉट मला दाखवला.

दुसऱ्या भागात यवतमाळची दोन, घाटंजीची आणि पांढरकवड्याची कॉलेजं टाकायला तिनं दोन दिवस घेतले. घरात नेट नसतं तर तिचे पसंतीक्रम कुणीतरी सेतू केंद्रातल्या गर्दीत घाईत भरले असते. बातमी पसरली तशी गल्लीतली दहावीची पोरं-पोरी आली. ३० तारखेला संध्याकाळी शेजारच्या काकूंच्या मुलाचा फोन काही केल्या जोडला जाईना. मी आधी पुन्हा वही उघडली, मग हॉटस्पॉटच्या पानावर पाहिलं: आठपैकी आठ जोडलेले. विंडोज आठपेक्षा जास्त घेतच नाही. आमच्या तिघांचे फोन काढले, मग त्याचं झालं. त्या संध्याकाळी ओसरीवर पाच फॉर्म भरून झाले, आईनं सगळ्यांना चहा केला.

एकूण खर्च विचाराल तर डोंगल ९००, केबली २५० आणि १८०, रिचार्ज ३४९, म्हणजे १,६७९ आणि वर एसटीचं तिकीट. पहिली केबल वाया गेली नसती तर आणखी कमी.

वाय-फाय कॉलिंग मग आईच्या आणि बाबांच्या फोनमध्येही सुरू केलं. आईनं पहिल्याच दिवशी चुलीपाशी बसून वर्ध्याच्या मावशीशी अर्धा तास बोलून घेतलं. "मले त येकदम साफ ऐकू येऊन राह्यलं," असं तिलाच चारदा सांगितलं. बाबा मात्र फोन वाजला की अजूनही सवयीनं उठून लिंबाखाली जायला निघतात. मी आतून हाक मारते, "बाबा, घरातच बोला."